आधी पडायला शिका, मग घसरायला: टोरंटोत नव्याने आलेल्यांसाठी स्केटिंगच्या वर्गांची माहिती

जानेवारी उजाडला की शाळेतून घरी एक कागद येतो. अमुक तारखेला वर्ग स्केटिंगला जाणार आहे, मुलाबरोबर स्केट्स आणि हेल्मेट पाठवा, खाली सही करा. टोरंटो, मिसिसॉगा, ब्रॅम्प्टन, मार्कम या पट्ट्यातल्या बऱ्याच शाळा हिवाळ्यात मुलांना जवळच्या अरेनात, म्हणजे छताखालच्या बर्फाच्या मैदानावर (रिंकवर) नेतात. ऑगस्टमध्ये पुण्या-नाशकाहून आलेल्या घरात मग एकदम धांदल उडते. स्केट्स मिळतात कुठे, सायकलचं हेल्मेट चालेल का, आणि मुख्य म्हणजे याला तर बर्फावर उभंही राहता येत नाही! वर्गातली काही मुलं मात्र शाळेत जायच्या आधीपासून बर्फावर पळत असतात. आपलं पोर कठड्याला चिकटून तो तास काढतं आणि घरी येऊन सांगतं, मला परत जायचं नाही.

हे टाळता येतं, आणि त्याला फार पैसेही लागत नाहीत. कम्युनिटी सेंटरमधला आठ-दहा आठवड्यांचा एक वर्ग सुरुवातीला पुरतो. फक्त एक आग्रहाने सांगते: नाव एकट्या मुलाचं घालू नका. जाड जॅकेट घालून, हातात कॉफी धरून काचेमागे उभे असलेले आपले लोक दर शनिवारी दिसतात. पोरं वर्षभरात भुर्रकन पुढे निघून जातात आणि आई-बाबा पुढची कितीतरी वर्षं बाकावर बसून राहतात. मोठ्या नवशिक्यांचे वर्ग पुष्कळदा त्याच रिंकवर असतात. चाळिशीतला माणूस तिथे मुळीच वेगळा दिसत नाही. निम्मा वर्ग आपल्यासारखाच उष्ण देशातून आलेला असतो.

वर्ग कुठला घ्यायचा

दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे शहराचे, अर्थात महापालिकेचे वर्ग. वय आणि पातळी पाहून गट पाडलेले असतात, सत्र छोटं असतं, फी तुलनेने कमी असते. दुसरा मार्ग म्हणजे 'स्केट कॅनडा' या राष्ट्रीय संस्थेशी संलग्न असलेला तुमच्या भागातला क्लब. हे क्लब बहुतेकदा पालिकेच्याच रिंकवर ठरावीक वेळ भाड्याने घेतात आणि 'कॅनस्केट' नावाचा अभ्यासक्रम शिकवतात. त्यात सहा टप्पे आहेत. प्रत्येक टप्प्यात तोल, ताबा आणि चपळाई असे तीन भाग असतात. एकेक भाग जमला की रिबन मिळते, तिन्ही जमले की त्या टप्प्याचा बॅज. मुलांना या रिबनींचं भारी अप्रूप असतं. क्लबमध्ये फी जास्त पडते, वर स्केट कॅनडाची वार्षिक नोंदणी फी असते, आणि काही क्लब पालकांकडून स्वयंसेवेचे तासही मागतात.

माझं मत विचाराल तर पहिलं सत्र पालिकेचं घ्या. मुलाला गोडी लागली, आठवड्यातून दोनदा जायची तयारी दिसली, की मग क्लब. आधीच क्लबची अख्ख्या हंगामाची फी भरून बसलात तर नोव्हेंबरात पोर रडायला लागल्यावर तुम्हीही रडाल.

पालिकेच्या नोंदणीची मात्र तयारी लागते. टोरंटोत नोंदणी ठरलेल्या दिवशी सकाळी 7 वाजता ऑनलाइन सुरू होते, आणि शनिवार-रविवारचे स्केटिंगचे वर्ग काही मिनिटांत भरतात. तेव्हा खातं आधीच उघडून ठेवा, घरातल्या प्रत्येकाचं नाव आणि जन्मतारीख त्यात घाला, आणि हव्या त्या वर्गांचे क्रमांक लिहून ठेवा. एकच नको, चांगले तीन-चार पर्याय ठेवा. त्यात एखादा आठवड्याच्या मधल्या दिवसाचा असू द्या, तिथे गर्दी कमी असते. वर्ग भरला असेल तर प्रतीक्षायादीत नाव घालायला लाजू नका. सत्र सुरू व्हायच्या सुमारास जागा सुटतात. शेजारच्या शहरांच्या तारखा आणि वेळा वेगळ्या असतात, त्या त्यांच्या संकेतस्थळावर पाहाव्यात.

नुकतेच आलात, नोकरी अजून लागायची आहे, अशी अवस्था असेल तर टोरंटो शहराची 'वेलकम पॉलिसी' नावाची सवलत आहे. कमी उत्पन्नाच्या रहिवाशांना पालिकेच्या वर्गांसाठी तिच्यातून पैसे मिळतात. अर्ज मंजूर व्हायला वेळ लागतो, म्हणून नोंदणीच्या बऱ्याच आधी तो करा. मुलांच्या खेळाच्या खर्चाला मदत करणारी 'जंपस्टार्ट' ही धर्मादाय संस्थाही आहे. यात कमीपणा वाटून घ्यायचं कारण नाही, ही सोय नव्या आणि अडचणीतल्या लोकांसाठीच आहे.

क्लबमध्ये नाव घालताना मेंदूला होणाऱ्या धक्क्याबद्दलचा एक कागदही समोर येईल. सतरा वर्षांची रोवन स्ट्रिंगर ही रग्बी खेळाडू 2013 मध्ये डोक्याला पाठोपाठ मार लागून गेली. त्यानंतर ऑन्टारियो प्रांतात 2018 मध्ये तिच्या नावाचा कायदा झाला. 26 वर्षांखालच्या खेळाडूंनी, आणि मूल 18 च्या आतलं असेल तर पालकांनीही, ही माहिती वाचून तसं कळवायचं असतं. न वाचता खूण करून पुढे जाऊ नका. डोक्याला मार लागल्यावर मळमळ, डोकेदुखी, भोवळ, गोंधळल्यासारखं बोलणं यांतलं काहीही दिसलं तर त्या दिवशी पुन्हा बर्फावर जायचं नाही आणि डॉक्टरांना दाखवायचं, एवढं तरी डोक्यात राहायला हवं.

हेल्मेट नवं, स्केट्स जुने

पैसे कुठे घालायचे आणि कुठे वाचवायचे याचं माझं सूत्र साधं आहे: हेल्मेट नवं घ्या, स्केट्स जुने घ्या, आणि धार चांगल्या माणसाकडून लावून घ्या.

हेल्मेट आइस हॉकीचं हवं, त्यावर 'सीएसए' (कॅनडातली मानकं ठरवणारी संस्था) अशी खूण असलेलं. सायकलचं हेल्मेट चालत नाही. ते एका जोरदार आपटीसाठी बनवलेलं असतं आणि डोक्याची मागची बाजू नीट झाकत नाही. बर्फावर माणूस मागे पडतो, डोक्याचा मागचा भाग आपटतो. कॅनस्केटमध्ये पाचवा टप्पा पूर्ण होईपर्यंत सगळ्यांनाच असं हेल्मेट सक्तीचं आहे, मग वय पाच असो वा पन्नास. पालिकेच्या वर्गातही हेल्मेटवाचून बर्फावर सोडत नाहीत. घालून डोकं जोरात हलवा. हेल्मेट डोक्याबरोबर हललं पाहिजे, डोक्यावर फिरता कामा नये. पुढची कड भुवईच्या वर बोटभर. जुनं हेल्मेट घेऊ नका, आत तडा गेलेला असला तरी बाहेरून कळत नाही. लांब केस असतील तर मानेपाशी सैलसर वेणी घाला. अंबाडा किंवा उंच पोनीटेल असेल तर हेल्मेट बसतच नाही.

स्केट्स दोन प्रकारचे. हॉकीच्या स्केटचं पातं पुढे-मागे वळलेलं असतं, त्यामुळे वळणं सोपी जातात. फिगर स्केटचं पातं थोडं लांब आणि सपाट असतं, त्याला पुढच्या टोकाला दात असतात आणि बुटाला जराशी टाच असते. दुकानदार मुलगा पाहिला की काळे हॉकीचे आणि मुलगी पाहिली की पांढरे फिगरचे काढतो, त्याकडे लक्ष देऊ नका. नवशिक्यांच्या वर्गात दोन्ही चालतात. मोठ्या माणसाला लांब पात्यावर जरा स्थिर वाटतं, असा माझा अनुभव. दोन-दोन पात्यांचे, बुटावर पट्ट्याने बांधायचे स्केट्स लहान मुलांसाठी विकायला असतात. त्यांना कड धरता येत नाही, त्यामुळे मूल शिकत काहीच नाही.

माप बुटाच्या मापाएवढं घेतलंत तर फसाल. स्केट साधारण अर्धा ते दीड नंबर लहान लागतो, कंपनीगणिक फरक पडतो. पाय आत घालून टाच मागे आपटा. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे नुसती टेकली पाहिजेत, आणि गुडघे वाकवल्यावर किंचित मागे सरकली पाहिजेत. टाच आतल्या आत वर उचलली जाते का ते पाहा; जात असेल तर तो स्केट ठेवून द्या. 'पुढच्या वर्षीही होईल' म्हणून मोठा घेण्याची आपली जुनी सवय इथे कामाची नाही. सैल बुटात घोटा आत मुडपतो, आणि मग 'माझ्या मुलाचे घोटेच कमजोर आहेत' असं लोक म्हणत बसतात. घोटे चांगले असतात, बूट चुकीचा असतो. मुलांचे पाय दर हंगामाला वाढतात, म्हणून वापरलेले स्केट्स दुकानांत आणि शेजारीपाजारी सहज मिळतात.

आता धार. ही गोष्ट नव्याने आलेल्यांना कोणी सांगत नाही. स्केटच्या पात्याला सुरीसारखी एक धार नसते. तळाशी लांबच लांब एक खोबण असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन कडा. सगळा खेळ या कडांवर चालतो. दुकानातून घेतलेल्या नव्या कोऱ्या स्केटला बहुतेक वेळा ही धार लावलेलीच नसते! लोक तसेच बर्फावर जातात, पाय चहूबाजूंना पळतात, आणि आपल्यालाच जमत नाही अशी समजूत करून घेतात. तेव्हा पहिल्या वर्गाआधी धार लावून घ्या. खोबणीच्या गोलाईची त्रिज्या किती हवी असं विचारलं तर अर्धा इंच म्हणा, नवशिक्याला ते ठीक आहे. खर्च दहा डॉलरच्या आगेमागे. धार आहे का हे पाहायचं असेल तर नखाची पाठ कडेवरून आडवी ओढा. नखाचा बारीक भुगा निघाला तर धार आहे.

कपड्यांचं थोडक्यात. जीन्स नको, भिजली की जड होते आणि गारठवते. लहानांना स्नोपॅंट, मोठ्यांना ट्रॅकपॅंट. मोजा एकच, पातळ, घोट्याच्या वर जाणारा. आजीने विणलेले दोन लोकरी मोजे चढवले तर पाय आत घट्ट होतो, रक्त फिरत नाही आणि उलट जास्त गार पडतो. हातमोजे पाणी न झिरपणारे, आणि पिशवीत आणखी एक जोडी. गळ्याभोवती लोंबणारा मफलर किंवा ओढणी नको, बांगड्या घरी काढून ठेवा. मोठ्यांनी रोलर स्केटिंगचे गुडघ्याचे आणि मनगटाचे पॅड घातले तर कोणी हसत नाही.

लेस बांधणं

पहिल्या दिवशी निम्मा वेळ इथेच जातो, म्हणून वर्गाच्या अर्धा तास आधी पोचा. स्केट्स रात्रभर गाडीच्या डिकीत ठेवू नका. थंडीने बूट दगडासारखा कडक होतो आणि पाय आत जात नाही.

मुलाला बाकावर बसवा, तुम्ही समोर जमिनीवर बसा. लेस घोट्याखालपर्यंत पूर्ण सैल करा, जीभ बाहेर ओढा, पाय आत घाला आणि टाच जमिनीवर दोनदा आपटायला लावा, म्हणजे ती मागे बसते. मग जीभ सरळ करून बोटांपासून सुरुवात. बोटांवर बेताची सैल, कारण बोटं हलली नाहीत तर दहा मिनिटांत रडं सुरू होतं. पायाच्या वरच्या बाकापासून घोट्यापर्यंत मात्र लेस करकचून ओढायची. प्रत्येक आडव्या धाग्याखाली तर्जनी घालून खेचा, बोट दुखलं पाहिजे. सगळ्यात वरच्या एक-दोन भोकांपाशी पुन्हा जरा ढिली, कारण तिथे गुडघा पुढे वाकायला जागा लागते. उरलेली लेस घोट्याभोवती गुंडाळू नका, गाठ मारून बुटात खोचा. मग मुलाला उभं करा. पोटरीच्या मागे तुमचं एक बोट जेमतेम शिरलं पाहिजे. घोटे आत वाकलेले दिसले तर नाइलाज आहे, सोडा आणि परत बांधा.

बाकापासून रिंकपर्यंत रबराची चटई असते, तिच्यावरूनच चाला. सिमेंटवर दोन पावलं टाकलीत तरी धार गेली म्हणून समजा. पात्यांवर प्लास्टिकचे संरक्षक लावून आणले असतील तर बर्फावर पाय ठेवायच्या आधी ते काढा. दारातच धाडकन आपटणाऱ्या माणसाच्या पायात बहुतेक वेळा तेच असतात.

पहिल्या वर्गात काय शिकवतात

शिकवायला सुरुवात पडण्यापासून होते, आणि कधीकधी बर्फाबाहेर चटईवरच. पडणार असं वाटलं की गुडघे वाकवून खाली जायचं आणि एका बाजूला, कमरेच्या आणि मांडीच्या मांसल भागावर बसायचं. हनुवटी छातीला लावायची म्हणजे डोकं मागे आपटत नाही. हात मागे टेकवायचे नाहीत. माणूस स्वभावतःच हात टेकवतो, आणि मोठ्यांची मनगटं तिथेच मोडतात. खाली पडल्यावर हाताच्या मुठी वळा आणि लगेच उठा. मागून येणाऱ्याच्या पात्याखाली बोटं यायला नकोत.

उठायचं असं: आधी गुडघ्यांवर आणि हातांवर या. एक पाय पुढे आणून त्याचं पातं बर्फावर सपाट टेकवा. दोन्ही हात त्या गुडघ्यावर ठेवा आणि दाबून वर या. दोन्ही पाय एकदम उचलायचा प्रयत्न केलात तर तुम्ही तिथेच सायकल चालवत राहाल. लहान मुलं हे तिसऱ्या खेपेला शिकतात. मोठ्यांना वेळ लागतो तो लाजेमुळे.

मग उभं राहणं. टाचा जवळ, चवडे बाहेर. गुडघे इतके वाकवायचे की खाली पाहिल्यावर बुटाची टोकं गुडघ्याआड गेली पाहिजेत. हात पुढे, कमरेच्या उंचीवर. नजर पायांकडे नाही, समोर. 'गुडघे वाकव' हे वाक्य कोच तासाभरात शेकड्याने म्हणतात, आणि भीतीने ताठ झालेल्या मोठ्या माणसाला तेच सर्वांत अवघड जातं. ताठ पायावर तोल गेला की सावरायला जागाच नसते.

त्यानंतर जागच्या जागी पाय उचलणं, मग छोटी पावलं टाकत पुढे जाणं. चार-पाच पावलं टाकून थांबा आणि दोन्ही पाय शेजारी ठेवा. पाय आपोआप थोडे पुढे घसरत राहतील. ही तुमची पहिली घसरण. पाऊल पुढे फेकायचं नसतं, पात्याच्या आतल्या कडेने बर्फ बाजूला रेटायचा असतो. हा फरक कळला की चालणं संपून स्केटिंग सुरू होतं. दोन्ही पाय न उचलता टाचा जवळ, मग पाय बाहेर, मग चवडे आत असं करत बर्फावर लिंबाच्या आकाराची नक्षी काढत जाणं हा पुढचा धडा. मुलांना तो खेळ वाटतो.

आणि थांबणं. पाय खांद्याएवढे फाकवा, गुडघे वाकवा, चवडे किंचित आत वळवा आणि टाचा बाहेर रेटा. पात्याची आतली कड बर्फावरून खरवडत गेली पाहिजे, विळीवर नारळ खवताना पडतो तसा पांढरा चुरा पात्यापुढे साठतो. आवाजही तसाच खरखरीत येतो. चुरा दिसला नाही तर तुम्ही नुसतेच कडेवर पाय फाकवून उभे आहात. आधी कठड्याला धरून एका पायाने करा: पातं सपाट ठेवून बाहेर ढकला, कितीदा तरी, चुरा पडेपर्यंत. कठड्यावर आदळून थांबण्याची सवय मात्र लागू देऊ नका, ती सुटता सुटत नाही. माझ्या मते पहिल्या सत्रात एवढं एक नीट जमलं तरी फी वसूल झाली.

वर्गाचा वेळ साधारण अर्ध्या ते पाऊण तासाचा. लहानांच्या वर्गात कोच रंगीत मार्करने बर्फावर रस्ते, वर्तुळं, हसरे चेहरे काढतात, मध्ये खेळणी टाकतात, गाणी लावतात. क्लबमध्ये कोचच्या हाताखाली किशोरवयीन मुलं-मुली मदतीला असतात. तुमचं तीन-चार वर्षांचं बाळ पहिले दोन आठवडे बर्फावर बसून हाताने चुरा गोळा करत राहिलं तर काचेवर टकटक करून ओरडू नका. ते बर्फाला सरावतं आहे. काचेतून खुणा करणाऱ्या पालकांमुळे मूल कोचकडे पाहायचं सोडून तुमच्याकडे पाहतं आणि पडतं. सात-आठ वर्षांची मुलं सर्वांत झपाट्याने शिकतात. मोठ्यांचं डोकं लवकर शिकतं आणि अंग उशिरा.

साठीच्या पुढच्यांनाही वर्ग आहेत आणि पहिल्यांदाच बर्फावर येणारे तिथे असतात. पण सुपर व्हिसावर (आई-वडील, आजी-आजोबांसाठीच्या लांब मुदतीच्या व्हिसावर) मुलांकडे आलेल्या आजी-आजोबांबद्दल जरा सबुरी. हाडांच्या ठिसूळपणाची तपासणी झालेली नसेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि त्यांच्या आरोग्यविम्यात अशी दुखापत बसते का तेही कागद काढून वाचा.

पुण्यात रोलर स्केटिंग केलेल्यांसाठी

महाराष्ट्रात स्केटिंग म्हटलं की चाकांचंच. लहानपणी सोसायटीत किंवा मैदानात ते केलेल्या मुलांचा इथे निश्चित फायदा होतो: तोल असतो, रेटा कसा द्यायचा ते ठाऊक असतं, पडण्याची भीती मोडलेली असते. पण एक सवय घातक आहे. चार चाकांच्या स्केटला पुढे रबरी ब्रेक असतो आणि पाय थांबायच्या वेळी आपोआप टोकावर जातो. फिगर स्केटच्या टोकाला दात असतात. वेगात असताना ते बर्फात रुतले की माणूस थेट तोंडावर. इनलाइनवाले (एका ओळीत चाकं असलेले स्केट वापरणारे) टाचेचा ब्रेक शोधतात, तर इथे टाचेला काहीच नाही. म्हणून अशा मुलांनीही थांबायला पहिल्यापासून शिकायचं, 'मला येतं' म्हणून वरच्या वर्गात थेट उडी मारायची नाही. वरचा वर्ग घेतलाच तर कोचना आधी सांगा, ते पहिल्या दिवशी पाहून गट बदलून देतात.

मधल्या दिवसांतला सराव

आठवड्यातून एकदा अर्धा तास एवढ्यावर प्रगती होत नाही, मध्ये एकदा तरी जायला हवं. टोरंटो शहराच्या पन्नासहून अधिक उघड्या रिंक आहेत. साधारण नोव्हेंबरच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत त्या चालतात आणि तिथे फुकट स्केटिंग करता येतं. जमिनीखाली गारवा देणाऱ्या नळ्या असल्याने तापमान शून्याच्या थोडं वर गेलं तरी बर्फ टिकतो. गल्लीतल्या रिंकवर स्केट्स भाड्याने मिळत नाहीत. सिटी हॉलसमोरच्या नेथन फिलिप्स स्क्वेअरवर मिळतात, पण तिथे पर्यटकांची झुंबड असते. नवशिक्यांनी वेळापत्रक पाहून सर्वांसाठीच्या वेळेतच जावं. 'शिनी' असं लिहिलेल्या वेळेत तिथे हॉकी चालू असते, चेंडूऐवजी रबरी चकती उडत असते, तेव्हा आत जाऊ नये.

सगळे एकाच दिशेने फिरतात, बहुधा घड्याळाच्या उलट. हळू जाणाऱ्यांनी कडेने जावं, पण कडेला घोळका करून फोटो काढत उभं राहू नये. मुलाला कडेवर घेऊन स्केटिंग करायचं नाही, हे नियमात तर आहेच, पण बऱ्याच बाबांना मोह होतो म्हणून मुद्दाम लिहिते.

मधेच भोंगा वाजतो आणि सगळ्यांना बाहेर काढतात. मग झांबोनी येते. फ्रॅंक झांबोनी यांनी 1949 मध्ये कॅलिफोर्नियात बनवलेलं हे यंत्र बर्फाचा वरचा ओरखडलेला पापुद्रा तासून घेतं आणि मागून गरम पाण्याचा पातळ थर सोडतं. गरम अशासाठी, की ते ओरखड्यांत नीट शिरतं, खालच्या बर्फाला चिकटतं आणि त्यात हवा कमी असल्याने गोठल्यावर काचेसारखं गुळगुळीत होतं. लहान मुलं काचेला नाक लावून हे बघतात, मोठेही बघतात, फक्त फोन बघत असल्याचं भासवतात. पाणी पूर्ण गोठेपर्यंत आत जाऊ नका. आणि हेही ध्यानात असू द्या की नुकत्याच तासलेल्या बर्फावर पाय नेहमीपेक्षा जास्त पळतो, पहिली फेरी हळू घ्या.

घरी निघताना पाती फडक्याने कोरडी पुसा, स्क्रूंच्या भोवतीसुद्धा. प्लास्टिकचे संरक्षक लावून ठेवले तर आत ओल राहून गंज चढतो. ठेवताना कापडी खोळ चढवा, प्लास्टिक फक्त चालण्यापुरतं.

सत्र संपल्यावर

शेवटच्या वर्गात कोच एक कागद देतात, त्यावर कुठली कौशल्यं जमली आणि पुढची पातळी कोणती ते असतं. तो जपून ठेवा, पुढच्या नोंदणीला लागतो. तीच पातळी पुन्हा करायला सांगितली तर नाराज होऊ नका. इथली मुलंही एकेक पातळी दोन-दोनदा करतात. मुलाला हॉकी खेळायची असेल तरी घाई नको. पुढे-मागे जाणं आणि दोन्ही बाजूंना थांबणं आल्यावर हॉकीचे प्राथमिक वर्ग घ्या. फिगर स्केटिंगची ओढ वाटली तर कॅनस्केटमधूनच वाट पुढे जाते.

तळ्यांवरच्या नैसर्गिक बर्फाच्या नादी पहिल्या वर्षी लागू नका. एकट्याने चालायला-स्केट करायला 15 सेंटिमीटर आणि घोळक्याने खेळायला 20 सेंटिमीटर जाडीचा पक्का बर्फ लागतो, आणि बर्फाखाली पाणी वाहत असलं किंवा वर हिम साठलेलं असलं की नुसतं बघून काही सांगता येत नाही. पालिकेने खुलं केल्याची पाटी नसेल तर पाऊल टाकायचं नाही.

थांबता येऊ लागलं की फेब्रुवारीत ओटावाची चक्कर मारा. तिथल्या रिडो कालव्यावर 7.8 किलोमीटर लांबीचा स्केटिंगचा मार्ग तयार होतो. थंडी पडली नाही तर तो उघडत नाही. 2022-23 च्या हिवाळ्यात एक दिवसही उघडला नव्हता. म्हणून हॉटेल ठरवण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावर हिरवा झेंडा आहे का ते पाहा. कडेला धरायला कठडा नाही. कालव्याचा बर्फ रिंकसारखा गुळगुळीत नसतो, भेगा असतात, त्यामुळे गुडघे जास्त वाकवावे लागतात. शिवाय वारा समोरून असेल तर परतीची वाट दुप्पट वाटते, तेव्हा सुरुवात वाऱ्याच्या दिशेने तोंड करून करा.